फक्कीने आखलेला एच

तुम्हाला म्हणून सांगतो, हेलिकॉप्टर खाली उतरवण्यात काहीही अवघड नसतं! जागा सपाट पाहिजे आणि माणूस हुशार पाहिजे. जागा शोधली की मिळते. हुशार माणूस म्हणजे अर्थातच मी!

हे वाक्य मी ब्याण्णव सालच्या जानेवारीत बदलापुरात इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी आमचा दूधवालाही सकाळी दारात उभा राहून विचारायला लागला, "हुशार साहेब, आज अर्धा लिटर की एक?"

मी तेव्हा अंबरनाथच्या छोट्या कारखानदारांच्या एका संघाचा चिटणीस होतो. चिटणीस हे नुसतं म्हणायला. खरं काम म्हणजे सभेआधी खुर्च्या मांडणं, सभेत होकार भरणं आणि सभेनंतर खुर्च्या मोजून परत देणं. संघाचे अध्यक्ष होते लोकूमल सेठ. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये त्यांचा नट-बोल्टचा वर्कशॉप होता. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"मधू साईं, एक हेलिकॉप्टर में कितना नट-बोल्ट लगता है, मालूम है?"

"नाही सेठ."

"मेरे को भी नहीं मालूम! लेकिन बहुत लगता होगा!"

झालं! एवढ्या पायावर आमचं प्रदर्शन उभं राहिलं. 'हेलिकॉप्टर आणि हवाई यंत्रांच्या सुट्या भागांचं भव्य प्रदर्शन'. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरचे कारखानदार आपापले नट, वॉशर, रबरी रिंगा मांडणार. मोठ्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी येणार, बघणार आणि खूश होऊन जाणार. आता नुसते वॉशर बघायला कोण येतो? तेव्हा भाड्याने हेलिकॉप्टर देणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीला सेठनी गाठलं. त्यांनाही जाहिरात हवीच होती. ते एक खरंखुरं, आवाज करणारं हेलिकॉप्टर प्रदर्शनात पाठवायला तयार झाले. परवानग्या सेठनी आणल्या. उतरवायची व्यवस्था माझ्याकडे!

आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. हेलिकॉप्टर आलं की कंपनीचा कॅप्टन संघाच्या एका माणसाला बदलापुरावरून बारवी धरणापर्यंत फिरवून आणणार होता. एकच जागा!

"मैं नहीं बैठेगा," सेठ म्हणाले. "दुकान में स्टूल पे चढ़ता हूँ तो चक्कर आता है. साईं, तुम बैठो."

माझ्या अंगावर काटा आला. अहो, आमच्या घराण्यात आजवर सर्वांत उंच गेलेला माणूस म्हणजे माझे काका. तेही नारळ काढायला!

मी घरी गेलो तो सरळ सासऱ्यांकडे. आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. विष्णुपंत त्यांचं नाव, आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी जन्मभर एका मोठ्या कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरी केली. तयार झालेला माल हातात घ्यायचा, चष्म्यावरून बघायचा आणि खडूने त्यावर फुली मारून म्हणायचं, "नापास!" निवृत्त झाले, खडू सुटला, पण हात सुटला नाही. बोलता बोलता दोन्ही हात वर करून हवेत फुली मारायची आणि 'नापास' म्हणायचं, ही त्यांची सवय. भाजी नापास, बातम्या नापास, बदलापूरचा वारा नापास. आणि पद्मजाशी माझं लग्न झालं त्या दिवसापासून मी नापास!

"अण्णा," मी म्हणालो, "मी हेलिकॉप्टरात बसतोय."

अण्णांनी पेपर खाली केला. "तुम्ही? जावईबापू, सायकलवरून उतरायला तुम्हाला विजेचा खांब धरावा लागतो."

"सायकल वेगळी! हे शास्त्र आहे."

"शास्त्र!" अण्णांचे हात वर गेले. हवेत फुली पडली. "नापास!"

आता मात्र मला झोंबलं. मी तिथेच छाती काढून जाहीर केलं, "येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी तुमच्या या गच्चीवरून उडत जाणार! वरून हात करणार! अख्ख्या गल्लीला सांगून ठेवतो, गच्चीवर या म्हणून!"

"अवश्य सांगा. मी मात्र गच्चीवर नाही येणार. मैदानावरच येतो. माल कारखान्यातून निघतानाच तपासलेला बरा."

रात्रभर पद्मजा मला म्हणत होती, "अहो, कशाला गल्लीला सांगताय? आधी बसून तर या." पण मी सकाळी पहिलं काम तेच केलं. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत! लोकांनी इतक्या कौतुकाने ऐकलं की कोपऱ्यावरच्या घरात तर मी दोनदा सांगितलं. खोटं कशाला बोलू, हेलिकॉप्टरापेक्षाही मला ते एकच दृश्य बघायचं होतं. मी वर, अण्णा खाली आणि त्यांचे हात फुली न मारता नुसते टाळ्या वाजवताहेत!

मग कॅप्टनचा फोन आला. मूळचे पुण्याकडचे, बोलणं मोजकं.

"सपाट जागा हवी. धूळ नको. मधोमध पांढरा, ठळक, मोठा एच. वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर कापडी पिशवी. आणि आसपास सुटं काही ठेवू नका."

"साहेब, प्रदर्शनच सुट्या भागांचं आहे!" मी विनोद केला.

पलीकडे कोणी हसलं नाही. हवाई क्षेत्रातल्या लोकांना विनोदाचं अंग नसतं, असं मी मनात नोंदवून ठेवलं.

जागा मिळाली चिखलोलीच्या पुढे, कोंडाजीचं खळं. भाताची झोडणी होऊन गेली होती, खळं मोकळं पडलं होतं आणि चारी बाजूंना सुकलेली शेतं. कोंडाजी तर एका पायावर तयार!

"आवं साहेब, घ्या की! माज्या बापाच्या खल्यात आजवर नुसता भात पडला. आता इमान पडंल!"

"पडणार नाही हो, उतरेल!"

"त्येच त्ये!"

त्याची बायको रखमाबाई कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत होती. "पावना आभालातून यायचा आन खाली धुरला? माजी काय अब्रू ऱ्हाईल? मी सारवून देते."

आणि तिने सारवलं! वाडीतल्या बायका जमवून अख्खं खळं शेणाने असं सारवलं, की त्यावर पानं मांडून पंगत बसवावी. मी आनंदाने वेडा झालो. धुळीचा प्रश्न मिटला! वाऱ्याची पिशवीही मी घरच्या घरी करून घेतली. पद्मजाने एका जुन्या लेंग्याचा एक पाय कापून, शिवून दिला. निळ्या पट्ट्यांचा, सुंदर! खांबावर चढवला आणि वाऱ्यावर असा तरंगायला लागला की बघत राहावं.

राहिला एच. तो आखण्यासाठी मला कोणाचीही गरज नव्हती. तुम्हाला माहीत नसेल, पण बदलापूर-अंबरनाथच्या शाळांतली कबड्डीची निम्मी मैदानं मी आखलेली आहेत! हातात फक्की घ्यायची, मूठ सैल सोडायची आणि दोरीवरून सरळ चालत जायचं. फक्की म्हणजे तीच हो, मैदानावर पांढऱ्या रेघा मारायची चुन्याची भुकटी. माझी रेघ कधी वाकडी जात नाही.

लोकूमल सेठ बघायला आले होते. "साईं, पेंट नहीं लगायेगा?"

"सेठ, रंग शेणावर धरत नाही. फक्की! आणि पातळ नाही, चांगली जाड. वरून दिसली पाहिजे."

मी पोती मागवली. इतकी जाड फक्की टाकली की त्या एचमध्ये पाऊल ठेवलं तर घोटा बुडावा. मग रखमाबाईला राहवेना. "साहेब, नुसत्या रेगा? शालंत आल्यागत वाटतंय." शाळेसारखं वाटतंय, असं तिचं म्हणणं. तिने एचच्या चारी बाजूंनी रांगोळी काढली. कमळं, गोपद्मं, मोर! मग मी म्हटलं, पाव्हण्यांना हे सगळं जवळून दिसायला नको का? म्हणून मंडप ठोकला तोही अगदी एचला लागून. एका अंगाला पेंढ्याची गंजी होती, ती कोंडाजी हलवतो म्हणाला. मी म्हटलं, "राहू द्या. मागे पेंढा बरा दिसतो. गावाकडचं वातावरण!"

शनिवार उजाडला. मंडपात टेबलं लागली, टेबलांवर पांढऱ्या चादरी आणि चादरींवर नट-बोल्ट, वॉशर, रिंगा. उल्हासनगर कॅम्प पाचचा एक उत्साही कारखानदार बिनवैमानिकाचं छोटं विमान घेऊन आला होता. पिकांवर औषध फवारायला म्हणे! वाडीतली माणसं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी.

"मंग चालवतो कोन?"

"कोणीच नाही."

"आन पडलं तर?"

"तरी कोणी मरत नाही. हाच तर फायदा!"

"मंग पयलं ह्येच उडवा," कोंडाजी म्हणाला. खरेदी अधिकारीही आले. सुटाबुटातले. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसले. सेठनी त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. ओवाळायला पद्मजा तबक घेऊन यायची होती, पण मीच तिला गच्चीवर थांबवलं होतं. माझी बायको नको का मला वरून दिसायला?

आणि मग रिक्षातून अण्णा उतरले. काळा कोट, काळी टोपी, हातात मिटलेली छत्री, पायात चकचकीत बूट. लग्नालाही एवढे नटून आले नव्हते! त्यांनी आधी खांबावर नजर टाकली.

"जावईबापू, हा लेंगा माझा आहे."

"होता, अण्णा."

पुढे जाऊन त्यांनी मंडपाचा एक बांबू हलवून बघितला. तो हलला. दुसरा हलवला. तोही हलला. हात वर, हवेत फुली. "नापास! मी या मंडपात बसणार नाही." आणि मैदान ओलांडून, दोन शेतं पलीकडे, मोकळ्या रानात एका बांधावर जाऊन उभे राहिले. मी मनात म्हटलं, राहा उभे! आता थोड्या वेळाने याच मानेने वर बघायचंय!

अकराच्या सुमाराला आवाज आला. आधी लांबून माशी घोंगावल्यासारखा, मग जात्यासारखा, मग पोटात घुमणारा! "आलं! आलं!" वाडी ओरडली. मी एचच्या अगदी कडेला उभा. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, हातात फुलांचा गुच्छ. ते माझ्या डोक्यावर आलं. मी हसतमुखाने गुच्छ वर केला. ते खाली यायला लागलं.

आणि एच उठला!

तुमचा विश्वास बसणार नाही, पण तो आधी अख्खाच्या अख्खा उठल्यासारखा वाटला. क्षणभर माझ्या छातीपाशी तो होता आणि दुसऱ्या क्षणी जग संपलं. पांढरं! सगळं पांढरं! नाकात फक्की, कानात फक्की, गुच्छ कुठल्या कुठे! मागून मंडपाचं कापड फाडफाड करत सुटलं. अण्णांनी नापास केलेले बांबू एकेक करून खरोखरच नापास झाले. चादरी उडाल्या, खुर्च्या उलटल्या, बिनवैमानिकाचं विमान कोणीही न चालवता निघून गेलं. आणि मग पेंढा! अख्खी गंजी उठून आमच्यावर बसली. त्या गर्दीत रखमाबाईचा आवाज ऐकू येत होता, "माजा मोर! माजा मोर गेला!" सेठ माझ्याजवळ कुठेतरी चाचपडत म्हणत होते, "साईं, ये क्या, कश्मीर हो गया?" सेठचे नट-बोल्ट तेवढे जागचे हलले नाहीत. त्या एका गोष्टीचा प्रचार सेठ अजूनही करतात.

वर कॅप्टनची काय अवस्था! उतरायचा एचच उडून तोंडावर आला! त्याने यंत्र पुन्हा वर उचललं आणि बाजूला नेलं. खाली सगळा पांढरा लोट. काही म्हणजे काही दिसेना. दिसत होती ती एकच गोष्ट. दोन शेतं पलीकडे, बांधावर उभी असलेली काळ्या कोटातली ताठ व्यक्ती. आणि ती व्यक्ती मंडप, जावई आणि एकूणच प्रदर्शन नापास करत दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात फुल्या मारत होती!

कॅप्टनने ओळखलं, हा जाणकार माणूस! खुणा करतोय! तो सरळ अण्णांच्या समोरच्या मोकळ्या शेतात गेला आणि कापसाचा पेळू ठेवावा तसं हेलिकॉप्टर अलगद खाली ठेवलं.

मी धावलो. म्हणजे धावायला गेलो, पेंढ्यात अडकून पडलो, पुन्हा उठलो आणि पोचलो तेव्हा कॅप्टन अण्णांचा हात हातात घेऊन हलवत होता.

"साहेब, तुम्ही नसतात तर आज मला परत जावं लागलं असतं! खुणा अगदी बरोबर. हवाई दलात होतात का?"

"नाही," अण्णा म्हणाले. "तपासणी विभागात."

"तरीच! बाकी इथे सगळा आनंद आहे. ती फक्की कोणा गाढवाने टाकली?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. कॅप्टननेही बघितलं आणि दचकून एक पाऊल मागे गेला. मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होतो. वर पेंढ्याच्या काड्या.

"साहेब," मी तोंडातली फक्की थुंकत म्हणालो, "मी संयोजक! माझी जागा आहे. मीच बसणार आहे!"

"तुम्ही? लांब! लांब राहा! त्या भुकटीतली चिमूटभर आत गेली तर काय होईल कळतंय का? अंगावरची धूळसुद्धा झटकू नका! तिथेच उभे राहा!"

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली आली. सगळ्या गच्च्या भरलेल्या. पद्मजा तबक घेऊन उभी. मला रडू आलं. खरंच आलं! गालांवरच्या फक्कीतून दोन ओघळ निघाले असणार.

"जागा रिकामी नको," कॅप्टन म्हणाला. "साहेब, चला. तुम्हीच बसा."

"मी?" अण्णा म्हणाले. त्या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला. ते हेलिकॉप्टराकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग छत्रीकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण कॅप्टनने तोवर त्यांचा दंड धरून त्यांना आत बसवलं आणि पट्टा आवळला. दार बंद झालं. अण्णा गेले!

मी कोंडाजीच्या बैलगाडीतून घरी निघालो. बैल सारखे मागे वळून माझ्याकडे बघत होते. कोंडाजीने मला बोलून धीर दिला, "जाऊ द्या साहेब. माज्या खल्यात इमान पडायचं नशिबात नव्हतं." अर्ध्या वाटेत डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं, बारवीहून, बदलापुरावरून परत. लांबून लोकांचा गलका ऐकू आला. माझ्या नावाचा!

गल्लीच्या तोंडाशी मी गाडीतून उतरलो. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग कोणीतरी ओरडलं,

"मधूभाऊ आले! अरे, बघा बघा, ढगातून आलेत!"

"ढग लागलाय हो अंगाला!"

"अगं बाई, किती पांढरे झालेत!"

माझ्याभोवती गर्दी झाली. गळ्यात हार पडले. बनूबाई नावाची एक म्हातारी आमच्या गल्लीत बसून रानभाजी विकायची, डोंगराकडच्या वाडीतली. तिने पुढे होऊन माझ्या दंडाला बोट लावलं, बोट चोळून बघितलं आणि म्हणाली, "ढगाला चुना आसतो व्हय? मंजे वरती पन सारवतात!" पद्मजा तबक घेऊन आली. तिने मला ओवाळलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता बघा, मी खोटं बोललो नाही. मी काही बोललोच नाही! तोंडात फक्की होती!

आणि तेवढ्यात रिक्षा थांबली. अण्णा उतरले. कोट तसाच, टोपी तशीच, तोंड जरासं पांढरं, पण फक्कीने नव्हे. गर्दी त्यांच्याकडे वळली.

"अण्णा, तुम्ही मैदानावर होतात ना? पाहिलंत ना, जावई कसे वर गेले!"

मी डोळे मिटून घेतले. अकरा वर्षं ऐकलेला शब्द आता अख्ख्या गल्लीसमोर ऐकायचा होता. हारांसकट! मी वाट बघत राहिलो. अण्णांनी छत्री काखेत धरली.

"वर मी गेलो होतो," ते शेवटी म्हणाले.

पद्मजाने तबक खाली केलं.

"जागा यांचीच होती," अण्णा म्हणाले. "यांनी मला दिली."

काय सांगू तुम्हाला! "सासऱ्यासाठी जागा सोडली!" असा एकच गजर झाला. दोन हार आणखी पडले. शेजारच्या काकूंनी तिथल्या तिथे आपल्या जावयाला सुनावलं, "बघा, शिका काही!" तो बिचारा नुकताच जेवायला आला होता. मी मात्र अण्णांकडे बघत राहिलो. अकरा वर्षांत या माणसाने माझ्या बाजूने बोललेलं हे पहिलं वाक्य! माझा घसा दाटून आला. आता त्यात फक्कीचा वाटा किती होता, ते मला सांगता येणार नाही.

मागच्या अंगणात अण्णा स्वतः खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. "चुन्यावर एकदम पाणी घेऊ नका. चटचटेल. बसा." आणि माझ्या पाठीला तेल चोळायला लागले. मी बघतच राहिलो.

"अण्णा, वरून कसं दिसतं हो?"

अण्णांचा हात थांबला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून घेतलं आणि माझ्या कानाशी वाकले.

"मधुकरराव, कोणाला सांगू नका. पट्टा आवळला तेव्हा डोळे मिटले. ते उतरल्यावर उघडले."

"एकदाही उघडले नाहीत?"

"एकदा उघडले. पायाखाली काहीच नव्हतं. पुन्हा मिटले."

पाठीवरून हात पुन्हा फिरायला लागला. अकरा वर्षांत मला पहिल्यांदा 'मधुकरराव' म्हटलं होतं, तेही कानात! त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, या माणसासाठी वाटेल ते करीन.

पुढचे काही दिवस अण्णांच्या ओट्यावर नुसती रीघ! येईल त्याला अण्णा वर्णन करून सांगत. बारवीचं पाणी कसं आरशासारखं, मलंगगड कसा मुठीएवढा, उल्हास नदी कशी वेणीसारखी. बोलता बोलता कुठे अडखळले की माझ्याकडे बघायचे. मी शेजारी बसलेलोच असायचो. मी लगेच पुढचं जोडून द्यायचो. आमची जोडी अशी जमली की पद्मजा म्हणाली, "लग्न तुमचं माझ्याशी झालंय की बाबांशी?"

एका सकाळी बनूबाई भाजीची पाटी उतरवून ओट्यापाशी उभी राहिली. ओटा भरलेला होता.

"अन्ना, धरनाच्या अलीकडं, टेकाडावर माज्या भावाचं घर हाय. येकलंच हाय. वरनं दिसलं असंल ना?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"दिसलं तर!" अण्णा म्हणाले. "स्पष्ट दिसलं. लाल कौलांचं!"

मला वाटलं, एवढंच कशाला? आपणही हात द्यावा. "आणि दारात म्हैस बांधलेली!" मी म्हणालो. "हो ना, अण्णा? तुम्हीच सांगितलंत."

"म्हैसच!" अण्णा म्हणाले. "काळी!"

बनूबाईने पदर तोंडाला लावला. तिचे डोळे आनंदाने एवढे मोठे झाले. ती ओट्यावरच्या सगळ्यांकडे वळून म्हणाली,

"अगं माजी बाय! कौलं पन चढली? म्हस पन आली? भावानं तर पाया परवा खनला!"

पद्मजाने आधी वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. अण्णांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. पेपर एकच होता. मी बनूबाईची पाटी उचलली आणि भाजी निवडायला आत गेलो.